आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल!

सन २०२२ मध्ये महाराष्ट्रातील असंख्य वीजग्राहकांच्या मोबाईलवर एक संदेश येऊ लागला. मागील महिन्याचे बिल 'अपडेट' झालेले नाही, सबब आज रात्री साडेनऊ वाजता तुमचा वीजपुरवठा खंडित केला जाईल, त्वरित खालील क्रमांकावर वीज अधिकाऱ्याशी संपर्क साधावा, असा त्यातील मजकूर. बिल भरलेल्यांनाही तो आला. अखेर महावितरणला ग्राहकांना सावध करणारे जाहीर आवाहन करावे लागले. महावितरणच्या खऱ्या संदेशावर पाठविणाऱ्याच्या जागी दहा आकडी मोबाईल क्रमांक नसतो, 'एमएसईडीसीएल' ही अक्षरे असतात.

आमच्या परिचयाचे, मनमाडच्या रेल्वे कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ या संदेशाला फसले. नातीची बारावीची परीक्षा तोंडावर आलेली, रात्री वीज गेली तर पोरीने अभ्यास कसा करायचा, या काळजीने त्यांनी फोन लावला. पलीकडचा माणूस अदबीने बोलला. बिल भरले आहे, पण संगणकात नोंद नाही. फक्त दहा रुपये पाठवा आणि त्यासाठी एक ॲप मोबाईलमध्ये घ्या, असे त्याने सांगितले.

खरी मेख त्या ॲपमध्ये असते. एनीडेस्क, क्विकसपोर्ट ही ॲप्स मुळात वाईट नाहीत. दूर बसून दुसऱ्याचा संगणक दुरुस्त करण्यासाठी ती वापरतात. परंतु त्यांमुळे आपल्या मोबाईलचा पडदा समोरच्याला जसाच्या तसा दिसू लागतो. दहा रुपये भरताना आपण घातलेला कार्डाचा क्रमांक, पाठोपाठ आलेला ओटीपी, सारे त्याला वाचता येते. दहा रुपयांत त्याला काडीचाही रस नसतो.

या प्रकाराला इंग्रजीत 'फिशिंग' म्हणतात, म्हणजे गळ टाकणे. आमिष कधी भीतीचे असते, कधी आशेचे. विद्यार्थ्यांसाठी ते बहुधा शिष्यवृत्तीचे असते. 'तुमची शिष्यवृत्ती मंजूर झाली, खालील दुव्यावर बँक खात्याची माहिती भरा' असा संदेश आला की विद्यार्थी मित्रांनी प्रथम पत्ता पाहावा, आणि तो उजवीकडून वाचावा. शिष्यवृत्तीचा खरा पत्ता 'महाडीबीटी डॉट महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन' असा आहे. आरंभीचे 'एचटीटीपीएस' व त्यापुढील दोन तिरप्या रेघा सोडून द्याव्यात. त्यानंतरच्या पहिल्या तिरप्या रेघेपूर्वी शेवटी 'गव्ह डॉट इन' आहे का, एवढेच बघावे. 'महाडीबीटी' हा शब्द कोणीही कोठेही घुसवू शकतो, पण ते शेवटचे दोन शब्द सरकारी कार्यालयांनाच मिळतात. बँकांचे पत्ते असे संपत नाहीत, म्हणून बँकेचा पत्ता संदेशावरून कधीच उघडू नये; स्वतः टंकावा. तसेच यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी नव्हे. पैसे मिळणार म्हणून कोणी पिन घालायला सांगितला तर फोन ठेवून द्यावा. उद्धटपणा वाटला तरी चालेल!

आता त्या गृहस्थांविषयी. पैसे गेल्याचे त्यांना त्याच रात्री कळले होते. तरीही तीन दिवस ते कोणाशी बोलले नाहीत, मुलाशीसुद्धा नाही. आयुष्यभर हिशेबाला चोख असलेला माणूस, लोक काय म्हणतील, हीच लाज. आमच्या मते पैशांपेक्षा हे तीन दिवस अधिक महाग पडले. चोरीची रक्कम एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात सरकत असते. १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर लगेच फोन केल्यास ती वाटेतच गोठविता येण्याची शक्यता असते. रक्कम काढून घेतल्यावर तो मार्ग जवळपास बंद होतो. फोन करताना खाते क्रमांक, व्यवहाराचा क्रमांक, वेळ व रक्कम हाताशी ठेवावी. 'सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन' येथेही तक्रार नोंदविता येते.

आणि बँकेलाही त्याच वेळी कळवावे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात असे नमूद आहे की, ग्राहकाने स्वतःच गुप्त माहिती दिली असेल तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे. कळविल्यानंतर जे नुकसान होईल ते बँकेचे.