विश्लेषण : हातात टॅब असताना वैमानिकाला कागदी नकाशा कशाला हवा?

अमेरिकेत हौशी वैमानिकांच्या छोट्या विमानात आता समोर टॅब अडकवलेला असतो. पडद्यावर नकाशा आणि त्यावर सरकणारे आपलेच विमान. मग घडीचा कागदी नकाशा अडगळीत गेला का? नियम पाहिला तर तसेच वाटेल. छोट्या खासगी विमानात तो असलाच पाहिजे, अशी तिथल्या हवाई प्रशासनाची सक्ती नाही.

कागदावर विमान कसे चालते?

'सेक्शनल' नकाशाचे प्रमाण १:५,००,००० असते. म्हणजे १ सेंटिमीटरला ५ किलोमीटर. ताशी २०० किलोमीटरने जाणारे विमान हे अंतर दीड मिनिटात कापते. डोंगर, टॉवर, रेल्वेमार्ग, हवाई हद्दी असे सगळे त्यावर असते. वैमानिक पेन्सिलीने रेषा आखतो आणि होकायंत्र, घड्याळ व खाली दिसणाऱ्या खुणा यांचा मेळ घालतो. यात चूक सहज होते. दिशा १ अंशाने चुकली, तर ६० मैलांनंतर विमान सुमारे १ मैल बाजूला गेलेले असते.

जीपीएसने काय साधले?

१९८३ मध्ये मार्ग चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलेले कोरियन प्रवासी विमान पाडले गेले, २६९ जण मरण पावले. त्यानंतर अमेरिकेने लष्करी जीपीएस नागरी वापरासाठी खुले करण्याचे जाहीर केले. नागरी संदेशात मुद्दाम ठेवलेली त्रुटी मे २००० मध्ये काढली गेली.

टॅबचा मोठा फायदा वेगळाच आहे. राष्ट्राध्यक्ष दौऱ्यावर असले की त्या भागात उड्डाणबंदी लागते. ५६ दिवसांनी नवी आवृत्ती निघणाऱ्या कागदावर ती कुठून दिसणार? अद्ययावत ॲपमध्ये दिसते. चुकून आत शिरलात तर लढाऊ विमाने मागे लागू शकतात. एकच साधन निवडायचे झाले, तर टॅबच घ्यावा.

मग अडते कुठे?

आयपॅड ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरण्यासाठी आहे. काचेखालच्या उन्हात तो तापून बंद पडू शकतो. त्यावर उपाय म्हणून अनेक जण दुसरा टॅब ठेवतात. पण उपग्रहाचा संदेशच गेला तर दोन्ही एकदम आंधळे! सुमारे २०,२०० किलोमीटरवरून येणारा हा संदेश अत्यंत क्षीण असतो, तो दडपणे अवघड नाही. न्यू मेक्सिकोतील व्हाइट सँड्स परिसरात लष्करी चाचण्यांपूर्वी वैमानिकांना तशी सूचनाच दिली जाते.

संदेश गेला तर निदान कळते तरी. खोटा संदेश आला तर पडदा ठणठणीत दिसतो, विमान मात्र भलतीकडे असते. पश्चिम आशियात असे प्रकार वाढल्यावर भारताच्या डीजीसीएनेही नोव्हेंबर २०२३ मध्ये विमान कंपन्यांसाठी परिपत्रक काढले.

म्हणून सावध वैमानिक टॅब चालू ठेवूनही मांडीवर नकाशा घेतो. ठरलेला पूल किंवा गाव खाली दिसले, की नकाशावर तिथे वेळ लिहितो. पडदा गेलाच, तर शोध त्या शेवटच्या खुणेपासून सुरू होतो.