गळ्यातली गाठ आणि डोक्यावरचा हंडा

थायरॉइडच्या कर्करोगाविषयी बोलताना एक वाक्य हमखास ऐकू येते : 'कर्करोग व्हायचाच होता, तर त्यातल्या त्यात हा बरा.' त्यात तथ्य आहे. सर्वाधिक आढळणारा पॅपिलरी प्रकार सहसा सावकाश वाढतो आणि वेळेत शस्त्रक्रिया झाली, तर बहुतेक रुग्ण पुढे कित्येक वर्षे जगतात. पण ती वर्षे कशी जातात, हे त्या वाक्यात येत नाही. हा आजार पुरुषांपेक्षा स्त्रियांना सुमारे तिप्पट होतो, तोही पुष्कळदा ऐन कामाच्या वयात. शहापूर-मुरबाडसारख्या भागात 'कामाचे वय' याचा अर्थ शेत, पाणी, सरपण आणि घर असा असतो.

शस्त्रक्रियेनंतरचे जगणे तपासण्याची सुरुवात जुनी आहे. स्वित्झर्लंडमधील बर्नचा शल्यविशारद थिओडोर कोखर गलगंडासाठी पूर्ण थायरॉइड ग्रंथी काढत असे. रुग्ण वाचत, जखमा भरत. परंतु १८८३च्या सुमारास त्याने जुन्या रुग्णांना परत बोलावून पाहिले, तेव्हा पूर्ण ग्रंथी काढलेल्या १८ जणांपैकी १६ जण सुजलेले, थकलेले, मंद झालेले आढळले. ऑपरेशन यशस्वी आणि माणूस निकामी, असा तो प्रकार होता. थायरॉइडवरील कामासाठी कोखरला १९०९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. रुग्णांना परत बोलावण्याची त्याची ही कृती मला त्या कामाचा गाभा वाटते. पुढे १८९१ मध्ये इंग्लंडात जॉर्ज मरे याने मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचून अशा अवस्थेतील एका स्त्रीला बरे केले. ती आणखी २८ वर्षे जगली.

आज तो अर्क लेव्होथायरॉक्सिनच्या छोट्या गोळीत आला आहे. गोळी स्वस्त आहे, पण तिची शिस्त कडक आहे. ती रोज उपाशीपोटी घ्यायची आणि नंतर अर्धा ते एक तास चहासुद्धा नाही. आटगावहून पहाटेची लोकल गाठणाऱ्याला किंवा आवणीच्या दिवसांत कोऱ्या चहावर घराबाहेर पडणाऱ्या बाईला हा एक तास कुठून काढायचा, हा खरा प्रश्न असतो. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या तिच्यापासून चार तास दूर ठेवाव्या लागतात. आशाताईंनी दिलेली लोहाची गोळी सोबतच गिळली, तर थायरॉइडची गोळी नीट शोषली जात नाही. शिवाय उष्णता आणि दमट हवा या दोहोंनी ती खराब होते.

या औषधाचा अंमल रक्तात निम्म्यावर यायला सुमारे सात दिवस लागतात. त्यामुळे एक दिवस चुकला तरी काहीच जाणवत नाही आणि 'गोळीवाचून चालते' असा समज होतो. काही आठवड्यांनी अंग जड होते, थंडी सोसत नाही, पोट साफ होत नाही, मन उदास राहते. घरचे त्याला आळस म्हणतात. उलट, आजार उलटू नये म्हणून काहींना गोळीची मात्रा मुद्दाम थोडी जास्त ठेवतात. मग छातीत धडधड, अपुरी झोप आणि पाळी गेलेल्या स्त्रियांत हाडांची झीज असे त्रास होऊ शकतात. म्हणूनच टीएसएचची तपासणी ठरल्या वेळी करायची असते.

ग्रंथीच्या मागे चार बारीक पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. त्यांना इजा झाली तर रक्तातील कॅल्शियम घटते आणि ओठांभोवती, बोटांत मुंग्या येतात. आवाजाची नसही तिथूनच जाते. आवाज घोगरा होतो किंवा उंच स्वर लागेनासा होतो. शेताच्या या बांधावरून त्या बांधाला हाळी देणाऱ्याला, लग्नात धवले गाणाऱ्या बाईला हे नुकसान लहान नसते.

काही रुग्णांना पुढे किरणोत्सारी आयोडीन देतात. मुंबईत परळला टाटा मेमोरियलच्या आवारात भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३पासून आहे. आटगाव तिथून लोकलने दोन-अडीच तासांवर. उपचाराआधी एक-दोन आठवडे आयोडीन कमी असलेले जेवण घ्यायचे, म्हणजे सुकट-बोंबीलही बंद. नंतर काही दिवस मुले आणि गर्भवती यांच्यापासून अंतर ठेवायचे. लोकलमध्ये कर्करुग्णांना दिव्यांगांच्या डब्यात बसता येते, पण त्याच डब्यात गर्भवतीही असतात. एका खोलीच्या घरात तर अंतर आणायचे कुठून? या आयोडीनचा किरणोत्सार आठ दिवसांत निम्मा होतो आणि पुष्कळसे आयोडीन लघवीवाटे त्याआधीच निघून जाते. डॉक्टरांनी सांगितलेले दिवस संपले की ताटवाटी वेगळी ठेवण्याचे कारण उरत नाही. काही घरांत मात्र ती वेगळीच राहते, जणू कर्करोग शिवल्याने लागतो.

हे सगळे मोजायचे कसे? युरोपातील संशोधकांनी बनवलेली ३० प्रश्नांची एक प्रश्नावली जगभर वापरतात. मान आणि डोक्याच्या कर्करोगासाठीच्या पुरवणीसह तिच्या हिंदी-मराठी रूपांची पारख टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी २००५ साली प्रसिद्ध केली. हे मोलाचे काम आहे. तिचा पहिला प्रश्न साधारण असा : जड पिशवी किंवा सूटकेस उचलण्यासारखे श्रमाचे काम करताना त्रास होतो का? शहापूर तालुक्यात हा प्रश्न डोक्यावरच्या हंड्याचा होतो. मुंबईला पाणी देणारे तानसा आणि भातसा हे जलाशय याच तालुक्यातले, तरी उन्हाळ्यात अनेक पाडे टँकरची वाट पाहतात. मानेच्या बाजूच्या गाठीही काढल्या असतील, तर खांदा आखडतो, हात पुरता वर जात नाही. सूटकेस कधी न उचललेली बाई 'त्रास नाही' असे उत्तर देईल आणि कागदावर तिचे जगणे उत्तम ठरेल.

म्हणून विचारणाऱ्याने प्रश्न गावाच्या कामात उतरवून विचारावेत. हंडा उचलता येतो का? आवणीत दिवसभर वाकता येते का? हाक पोचते का? सकाळची गोळी चहाच्या किती आधी घेता? ताट वेगळे आहे का? हे विचारायला यंत्र लागत नाही. आरोग्य केंद्रातील परिचारिका किंवा आशाताई दहा मिनिटांत विचारू शकते. उत्तरे टीएसएचच्या आकड्याशेजारी त्याच केसपेपरवर लिहिली, तर पुढच्या खेपेला परळच्या डॉक्टरला गाठीबरोबर माणूसही दिसेल.