संगणकातील फाईलींच्या नावांची शोधसूची : रचना, मर्यादा आणि मराठी नावांचा प्रश्न

प्रस्तावना :
हजेरीपत्रके, निकालपत्रके, समित्यांची इतिवृत्ते असे महाविद्यालयीन कामकाजातील बहुतेक दस्तऐवज आता संगणकात साठविले जातात. मात्र दस्तऐवज साठविणे आणि तो हवा तेव्हा सापडणे या दोन भिन्न गोष्टी होत. नॅक मूल्यांकनाच्या तयारीत प्रस्तुत लेखकाला याचा प्रत्यय आला. 'कर्मचाऱ्यांची सेवाज्येष्ठता यादी' या नावाची फाईल महाविद्यालयाच्या लिनक्स सर्व्हरवर शोधली असता मिळाली नाही. दोन दिवस खर्चून यादी नव्याने टंकलिखित करण्यात आली. त्यानंतर मूळ फाईल अपेक्षित फोल्डरमध्येच, अगदी तशाच दिसणाऱ्या नावाने आढळली. नाव तेच दिसत असूनही शोध का फसला, हे जाणण्यासाठी नावांची शोधसूची कशी तयार होते ते पाहणे आवश्यक ठरते.

उद्दिष्टे :
१. फाईलींच्या नावांच्या शोधसूचीची रचना स्पष्ट करणे.
२. तिच्या मर्यादांचा परामर्श घेणे.
३. मराठी नावांसाठी आवश्यक नियम सुचविणे.

शोधसूचीची संकल्पना :
ग्रंथालयात ग्रंथ शोधताना आपण प्रत्येक कपाट तपासत नाही, तर तालिका पाहतो. युनिक्स प्रणालीतील 'फाइंड' ही आज्ञा मात्र एकेक फोल्डर उघडून पाहते. तिचे उत्तर ताजे असते, परंतु फाईलींची संख्या वाढत जाते तसा वेळही वाढतो. जेम्स ए. वूड्स यांनी १९८३ मध्ये युसेनिक्स संघटनेच्या ';लॉगइन:' या नियतकालिकात यावरील उपाय मांडला. सर्व नावे अगोदरच गोळा करून एका संक्षिप्त सूचीत ठेवावीत आणि शोध त्या सूचीतच घ्यावा, असे त्याचे सूत्र होते. 'लोकेट' ही आज्ञा याच विचारातून रूढ झाली.

सूचीची रचना :
या सूचीत फाईलीचे नाव तिच्या संपूर्ण मार्गासह नोंदविले जाते. नावे क्रमवारीने लावली की शेजारच्या नावांचा आरंभ बहुधा समान असतो. उदाहरणार्थ, 'परीक्षा/२०२२/निकाल-कला' या नावानंतर 'परीक्षा/२०२२/निकाल-वाणिज्य' हे नाव येते. दुसऱ्या नावात 'निकाल-' पर्यंतचा भाग पुन्हा न लिहिता समान भागाची लांबी दर्शविणारा आकडा आणि 'वाणिज्य' एवढेच नोंदविले तरी पुरते. ही पहिली बचत होय.

दुसरी बचत अधिक कल्पक होती. एका बाइटमध्ये २५६ मूल्ये मावतात, तर आस्की या रोमन संकेतसंचाला त्यांपैकी १२८ पुरतात. उरलेली १२८ मूल्ये नावांत वारंवार येणाऱ्या अक्षरजोड्यांसाठी वापरून दोन अक्षरे एकाच बाइटमध्ये बसविण्यात आली. मात्र देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या संकेतनात तीन बाइटांचे असते आणि त्या तिन्ही बाइटांची मूल्ये वरच्या १२८ मधीलच असतात. म्हणजेच ज्या जागेत ही काटकसर साधली, तेथेच आपल्या लिपीचे स्थान होते. जीएनयू प्रकल्पाच्या पुढील रचनेत जोड्यांची पद्धत सोडून केवळ पहिली बचत ठेवण्यात आली व ही अडचण दूर झाली.

स्टाइनार गुंडरसन यांच्या २०२० मधील 'पीलोकेट' मध्ये प्रत्येक नावाचे तीन-तीन बाइटांचे तुकडे पाडून कोणता तुकडा कोणकोणत्या नावांत येतो याची नोंद केली जाते. शोधशब्दातील सर्व तुकडे ज्या नावांत आहेत तेवढीच नावे मग तपासावी लागतात. रोमन नावात असा तुकडा तीन अक्षरांचा असतो; देवनागरीत तो जेमतेम एका चिन्हाएवढा होतो. त्यामुळे मराठी नावांसाठी ही चाळणी काहीशी ढोबळ ठरते, तथापि अंतिम तपासणी होत असल्याने उत्तर चुकत नाही.

मर्यादा :
सूची हे साठ्याचे छायाचित्र असते. सकाळी ते घेतल्यास दुपारी तयार झालेली फाईल त्यात दिसत नाही आणि पुसलेली फाईल मात्र दिसत राहते. म्हणून सूची नियमितपणे अद्ययावत करावी लागते. 'एमलोकेट' या प्रकारात ज्या फोल्डरची बदलाची वेळ पूर्वीइतकीच आहे ते पुन्हा वाचले जात नाही, त्यामुळे हे काम हलके होते. दुसरी मर्यादा गोपनीयतेची आहे. 'चौकशी समिती अहवाल' हे केवळ नावही पुष्कळ काही सांगून जाते. म्हणून शोधणाऱ्यास जो फोल्डर पाहण्याचा अधिकार नाही, त्यातील नावे उत्तरातून वगळणे अत्यावश्यक आहे.

मराठी नावांचा प्रश्न :
आता आरंभीच्या फसलेल्या शोधाकडे वळू. 'कर्मचाऱ्यांची' या शब्दातील अर्धा र दोन प्रकारे लिहिला जातो. एका प्रकारात नुक्ता असलेला 'ऱ', हलन्त व 'य' अशी चिन्हे असतात. दुसऱ्यात साधा 'र', हलन्त, एक अदृश्य जोडचिन्ह व 'य' अशी असतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, परंतु सूची डोळ्यांनी नव्हे तर बाइटांनी वाचते. युनिकोडच्या प्रमाणीकरणाने सुटा नुक्ता जोडलेला 'र' आणि 'ऱ' ही रूपे एक होतात. अदृश्य चिन्हाचे रूप मात्र वेगळेच राहते.

हे चिन्ह सरसकट गाळणे हाही उपाय नव्हे. तसे केल्यास 'आचाऱ्यांना' या शब्दाचे 'आचार्यांना' होईल व स्वयंपाकी आणि गुरुजन एकाच रांगेत बसतील. म्हणून 'र, हलन्त, जोडचिन्ह' या क्रमाच्या जागी 'ऱ, हलन्त' असे रूप ठेवणारा स्वतंत्र नियम हवा. त्याचप्रमाणे देवनागरी व इंग्रजी अंक समान मानावेत. हे नियम सूची करताना आणि शोधशब्द घेताना अशा दोन्ही वेळी लागू करावेत. फाईल उघडण्यासाठी मूळ नाव लागते, म्हणून तेही जसेच्या तसे जपावे.

निष्कर्ष :
शोधसूचीचा वेग पूर्वतयारीतून येतो. ताजेपणा, अधिकार आणि नावांची एकरूपता यांकडे दुर्लक्ष केल्यास तो वेग निरुपयोगी ठरतो. कारण 'फाईल नाही' हे चुकीचे उत्तरही तितक्याच तत्परतेने मिळते. प्रत्येक विभागाने नावांचे लेखी संकेत ठरवून एकाच प्रकारचा मराठी कळफलक वापरल्यास बराचसा प्रश्न सूची तयार होण्यापूर्वीच सुटेल. उरलेल्यासाठी वरील नियम संगणकतज्ज्ञांनी आणि भाषेच्या अध्यापकांनी एकत्र बसून निश्चित करावेत, असे प्रस्तुत लेखकास वाटते.