जमिनीखालची मेख

ज्यांच्या दाट केसाळ कातड्याला बाजारात किंमत येते अशा बीव्हर, मस्करॅट, मिंक, रकून, तांबडा खोकड, कोयोट, बॉबकॅट यांसारख्या प्राण्यांना फरधारी प्राणी म्हणतात, आणि त्यांना सापळ्यात धरण्याचा उत्तर अमेरिकेतील व्यवसाय किमान साडेतीन शतके जुना आहे. या व्यवसायाविषयीच्या लेखनात सापळ्याचा जबडा, स्प्रिंग आणि आमिष यांना भरपूर जागा मिळाली. सापळा ज्या साधनाने जागेवर धरून ठेवला जातो, त्या अँकरचा उल्लेख मात्र बहुधा एखाद्या परिच्छेदात आटोपला जातो. वास्तविक पाय धरणारा सापळा प्राण्याला मारत नाही, केवळ अडकवतो, आणि शिकारी तेथे पोहोचेपर्यंतच्या तासांमध्ये प्राण्याची सारी ताकद साखळीच्या दुसऱ्या टोकाशी झगडण्यात खर्च होते. ते टोक सुटले तर प्राणी पायात लोखंड घेऊन निघून जातो आणि पुढे उपासमारीने किंवा चिघळलेल्या जखमेने मरतो. शिकाऱ्याचे कातडेही जाते आणि सापळाही जातो. त्यामुळे अँकरची निवड ही सापळ्याच्या निवडीइतकीच, काही ठिकाणी तिच्याहूनही निर्णायक ठरते.

हडसन्स बे कंपनीला 1670 मध्ये सनद मिळाली तेव्हापासून या व्यापाराचा कणा बीव्हर हा पाणथळ जागी राहणारा कृंतक प्राणी होता, कारण त्याच्या अंतर्लोमापासून बनणाऱ्या नमद्याच्या टोप्यांना युरोपात मोठी मागणी होती. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात रॉकी पर्वतराजीत वावरणारे, 1825 ते 1840 या काळात दर उन्हाळ्यात ठरलेल्या ठिकाणी जमून कातड्यांचा सौदा करणारे जे शिकारी ‘माउंटन मेन’ या नावाने ओळखले जातात, त्यांची अँकरची पद्धत पाण्यावर बेतलेली होती. सापळा काठाजवळ उथळ पाण्यात ठेवायचा, त्याची सुमारे पाच फूट लांबीची साखळी खोल पाण्याच्या दिशेने ताणायची आणि टोकाच्या कडीतून एक वाळलेली काठी तळाच्या गाळात ठोकायची, एवढीच ती मांडणी. पाय अडकताच बीव्हर आपल्या स्वभावाप्रमाणे खोल पाण्याकडे बुडी मारी, आणि सापळ्याचे वजन व साखळी त्याला पुन्हा वर येऊ देत नसे. काठी वाळलेलीच का घ्यायची यालाही कारण होते, कारण ओल्या लाकडावर बीव्हर दात चालवतो, आणि बीव्हरने काठी उपटून नेलीच तर वाळलेले लाकूड पाण्यावर तरंगून बुडालेल्या सापळ्याचा ठाव दाखवते. अँकर सुटल्यावर काय होईल याचा विचार अँकरच्याच निवडीत करून ठेवणारी ही योजना तिच्या साधेपणामुळे दुर्लक्षित राहिली, तरी नंतरच्या अनेक यांत्रिक सुधारणांपेक्षा ती अधिक शहाणपणाची आहे.

जमिनीवरच्या सापळ्यांचा प्रश्न याहून अवघड होता आणि त्याचा पहिला पद्धतशीर विचार न्यूयॉर्क राज्यातील ओनायडा येथे झाला. सेवेल न्यूहाउस हा तेथला कारागीर 1820 च्या दशकापासून हाताने पोलादी सापळे घडवीत असे. जॉन हम्फ्री नॉइस याने 1848 मध्ये स्थापन केलेल्या ओनायडा कम्युनिटी या सामायिक मालमत्तेच्या धार्मिक वसाहतीत न्यूहाउस सामील झाला आणि त्याचे सापळे हा त्या वसाहतीचा प्रमुख उद्योग बनला. पुढे 1881 मध्ये वसाहतीचे भागभांडवली कंपनीत रूपांतर झाले, विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात सापळ्यांचा धंदा पेनसिल्व्हेनियातील लिटिट्झच्या एका कारखान्याकडे गेला आणि ओनायडा हे नाव काट्या-चमच्यांसाठी प्रसिद्ध झाले. 

न्यूहाउसच्या नावाने 1865 मध्ये निघालेल्या मार्गदर्शक पुस्तकात अँकरसंबंधी तीन युक्त्या सांगितल्या आहेत. पहिली लोढण्याची. हूड गुराच्या गळ्यात अडकवलेले लोढणे त्याला चालू देते पण पळू देत नाही. त्याचप्रमाणे साखळीला बांधलेला लाकडाचा ओंडका अडकलेल्या प्राण्याला थोडे फिरू देतो, परंतु त्याला जोर लावण्यासाठी पक्का आधार मिळू देत नाही. साखळी अचल वस्तूला बांधली तर बलवान प्राणी त्या आधारावर झटका देऊन एकतर लोखंड तोडतो किंवा स्वतःचा पाय, हा त्यामागचा तर्क होता. दुसरी युक्ती वाकवलेल्या लवचिक झाडाची होती: सापळा मिटल्यावर प्राण्याच्या धडपडीने खाच सुटे, झाड सरळ होई आणि प्राणी हवेत उचलला जाई, जेणेकरून दुसरी जनावरे त्याला फाडून खाणार नाहीत आणि त्याला स्वतःचा पाय कुरतडता येणार नाही. तिसरी युक्ती पाण्यातील तिरप्या खांबाची होती. साखळीची कडी त्या खांबावरून खोल पाण्याकडे घसरत जाई, पण खांबावर राखलेल्या फांद्यांच्या खुंटांमुळे परत वर येत नसे. यांपैकी झाडाची युक्ती आज जवळपास इतिहासजमा झाली आहे आणि ते योग्यच झाले. उरलेल्या दोन युक्त्या धातूचे रूप घेऊन टिकून आहेत.

आज सर्वाधिक वापरात असलेला अँकर म्हणजे जमिनीत ठोकलेली मेख. ती बहुधा बांधकामातील अर्ध्या इंचाच्या, क्वचित त्याहून जाड सळईची असते, लांबी दीड ते अडीच फूट असते आणि वरच्या टोकाला साखळी निसटू नये म्हणून नट किंवा वॉशर जोडलेला असतो. सळईच्या अंगावरच्या आट्या मातीला धरून ठेवतात, म्हणून गुळगुळीत गजापेक्षा ती सरस ठरते. लांबी किती असावी याचे उत्तर प्राण्याच्या वजनावर जितके अवलंबून असते त्याहून अधिक ते मातीवर अवलंबून असते: घट्ट चिकणमातीत दीड फुटाची मेख खोकडाला पुरते, पोयट्याच्या जमिनीत कोयोटसाठी दोन फूट लागतात आणि रेताड जमिनीत अडीच फुटांची मेखही एखाद्या रात्रीत सैल होऊ शकते. कोयोट हा लांडग्याहून लहान, साधारण दहा ते वीस किलो वजनाचा प्राणी आहे. परंतु तो धावत येऊन साखळीच्या टोकाशी झटका घेतो तेव्हा मेखेवर येणारा ताण त्याच्या वजनाच्या कितीतरी पट असतो. शिवाय हा ताण एका दिशेचा नसतो. प्राणी मेखेभोवती गोल फिरतो, मेख डोलत राहते, डोलण्याने भोक रुंदावते आणि मग वरच्या दिशेचा एखादा साधा हिसकाही ती उपटायला पुरेसा होतो. म्हणूनच मेखेचे डोके जमिनीच्या पातळीखाली, शक्यतो सापळ्याच्या खळग्यातच ठोकून ठेवतात. वर उरलेला दोन-तीन इंचांचा भाग तरफेसारखे काम करून खालचा सगळा पकडदारपणा वाया घालवतो.

मातीवर भरवसा नसेल तेथे दोन मेखा एका पत्र्याच्या जोडातून परस्परविरुद्ध तिरक्या ठोकतात, त्यामुळे जमिनीखाली त्यांची फुली तयार होते. वर ओढ बसली की दोन्ही मेखा आपापल्या बाजूची माती दाबत एकमेकींना अडवतात, आणि एकट्या मेखेने कधीच सोडली असती ती जागा ही जोडी धरून ठेवते. याची किंमत वजनात मोजावी लागते. रोज अनेक सापळे लावत पायी फिरणाऱ्याला प्रत्येक सापळ्यामागे दोन सळया आणि हातोडा वाहणे परवडत नाही, आणि हंगामाच्या शेवटी गोठलेल्या जमिनीतून त्या उपटणे हे ठोकण्याहून कष्टाचे काम असते.

या अडचणीतून पोलादी दोराचा अँकर प्रचारात आला. त्यात बोटाएवढे धातूचे टोक, त्याला जोडलेला एक-दोन फुटांचा बारीक पोलादी दोर आणि दोराच्या वरच्या टोकाला कडी एवढेच भाग असतात. टोक एका पहारीच्या साहाय्याने खोल ठोकतात, पहार काढून घेतात आणि दोर जोराने वर ओढतात. त्यासरशी टोक मातीत आडवे फिरते आणि त्याच्यावरचा मातीचा सगळा शंकू त्याला दाबून धरतो. विजेच्या खांबांचे ताण धरणारे अँकर याच तत्त्वावर चालतात. वजनाने हलका असूनही हा अँकर भुसभुशीत मातीत सळईहून चांगला टिकतो, आणि दोर लवचिक असल्यामुळे तरफेचा प्रश्नच उरत नाही. मात्र मुरमाड वा दगडगोट्यांच्या जमिनीत टोक खाली जात नाही किंवा गेलेच तर फिरत नाही, आणि न फिरलेले टोक म्हणजे केवळ दोरीला बांधलेला खिळा. म्हणून लावल्यावर पूर्ण जोराने ओढून पाहणे ही येथे औपचारिकता मानता येत नाही. सतत हिसक्यांनी दोराचे पदर तुटत जातात, तेव्हा तो दर हंगामात तपासावा लागतो. काढण्यासाठी जॅकसारखे उपटणारे अवजार लागते, आणि ते नसेल तर अनेकजण दोर कापून टोक जमिनीतच सोडतात, ही सवय ज्याच्या शेतात शिकार चालते त्या मालकाच्या दृष्टीने फारशी स्पृहणीय नाही.

न्यूहाउसचे लोढणे आता अंकुशाच्या रूपात दिसते. दोन किंवा तीन वाकड्या दातांचा लोखंडी अंकुश सहा ते आठ फूट लांब साखळीला जोडलेला असतो आणि सापळ्याखाली पुरलेला असतो. प्राणी निघाला की अंकुश मागून फरफटत जातो आणि पहिल्या झुडपात अडकतो. झुडपांच्या फांद्या ताण सोसतात आणि लवतात, त्यामुळे पायावर कठोर झटका येत नाही. प्राणी आडोशाला गेल्यामुळे शांत बसतो. शिवाय सापळ्याची मूळ जागा उकरली जात नाही. दगडाळ किंवा मुळांनी भरलेल्या रानात, जेथे मेख जातच नाही, तेथे याला पर्याय नाही. उलट मोकळ्या गवताळ प्रदेशात अंकुशाला अडकायला काहीच मिळत नाही आणि प्राणी मैलभर जाऊ शकतो, म्हणून तेथे अंकुश वापरणे हे अज्ञान नसेल तर बेफिकिरी आहे.

पाण्यातील पद्धतीत तिरप्या खांबाची जागा ताणलेल्या तारेने किंवा पोलादी दोराने घेतली आहे. त्यावर एकाच दिशेने सरकणारी, काटकोनात वाकवलेली छोटी पट्टी बसवतात. ती खोल टोकाकडे घसरते, पण उलट ओढ बसताच तारेला आवळून थांबते. खोल टोकाला तळाशी मेख ठोकतात किंवा वाळूने भरलेले पोते सोडतात. मस्करॅट जेमतेम किलोभराचा असल्याने त्याला सापळ्याचे वजनही पुरते, परंतु वीस किलोंहून जड होऊ शकणाऱ्या बीव्हरसाठी पोते चांगले वजनदार आणि पाणी प्राणी पूर्ण बुडेल इतके खोल असावे लागते. उथळ पाण्यात ही मांडणी केली तर प्राणी ना बुडतो ना सुटतो. बुडून येणारा मृत्यू मानवतापूर्ण म्हणता येईल काय, हा वाद प्राणिवैद्यकात अजून मिटलेला नाही, कारण बीव्हरसारखा पाणबुड्या प्राणी श्वास रोखून कित्येक मिनिटे शुद्धीवर राहू शकतो.

वेदनेचा हाच प्रश्न 1991 मध्ये युरोपीय समुदायाच्या नियमाने व्यापाराशी जोडला गेला. या नियमाने सदस्य देशांत 1995 पासून पाय धरणाऱ्या सापळ्यांवर बंदी घातली आणि त्यांचा वापर करणाऱ्या देशांकडून येणाऱ्या कातड्यांवर निर्बंध आणण्याची तरतूद केली. त्यातून 1997 मध्ये युरोपीय समुदाय, कॅनडा आणि रशिया यांच्यात मानवतापूर्ण सापळा-मानकांचा करार झाला, अमेरिकेशी स्वतंत्र समझोता झाला आणि अमेरिकी राज्यांच्या वन्यजीव विभागांच्या संघटनेने सापळ्यांच्या चाचण्यांचा कार्यक्रम हाती घेतला. करारानुसार जिवंत धरणाऱ्या सापळ्यात किमान वीस प्राणी तपासून त्यांपैकी 80 टक्के प्राण्यांत ठरावीक गंभीर दुखापतींची चिन्हे आढळता कामा नयेत. या चाचण्यांच्या निमित्ताने साखळीकडे नीट लक्ष गेले. मेखेला बांधलेल्या सापळ्याची साखळी आखूड ठेवली तर प्राण्याला धावून वेग घेता येत नाही. साखळी सापळ्याच्या बुडाच्या मध्यभागी जोडली तर ओढ पायाच्या रेषेत राहते. साखळीत दोन-तीन ठिकाणी फिरकी, म्हणजे स्वतःभोवती मुक्त फिरणारी कडी, बसवली तर प्राण्याच्या गिरक्यांनी पीळ पडत नाही आणि पाय मुरगळत नाही. आणि मध्ये एखादी स्प्रिंग घातली तर ती झटका गिळते. अंकुशाच्या बाबतीत मात्र आखूड साखळीचा नियम उलटा होतो, कारण तेथे लांबीमुळेच अंकुश अडकतो, आणि हे दोन नियम एकमेकांत मिसळणाऱ्याच्या हाती दोन्हींचे तोटेच लागतात. या सुधारणांनी दुखापती कमी होतात हे मान्य केले, तरी केवळ कातड्यासाठी प्राणी धरावा काय या प्रश्नाला त्या स्पर्शही करीत नाहीत. न्यू जर्सीने 1984 मध्ये पोलादी जबड्याच्या सापळ्यांवर बंदी घातली, मॅसॅच्युसेट्स आणि कोलोरॅडो या राज्यांत 1996 मध्ये मतदारांनी असे सापळे निर्बंधित केले, आणि कॅलिफोर्नियाने 2019 मध्ये फरसाठीची सापळा-शिकारच थांबवली.

भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या शिकारीच्या व्याख्येतच सापळ्यात पकडण्याचा समावेश असल्याने या साधनांना कायदेशीर स्थान नाही. तरीही वाघ-बिबट्यांच्या चोरट्या शिकारीत लोखंडी जबड्याचे सापळे वापरले जातात. 2012 मध्ये ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात अशा सापळ्यात सापडलेल्या वाघाचा मृत्यू झाला. अशा सापळ्याची साखळी झाडाच्या मुळाला किंवा जमिनीत ठोकलेल्या मेखेला बांधलेली असते आणि वर पालापाचोळा पसरलेला असतो. फिरकी, आखूड साखळी, रोजची तपासणी यांपैकी काहीच तेथे नसते. पाणवठ्यांच्या आणि पायवाटांच्या कडेने धातुशोधक यंत्र फिरवणाऱ्या वनकर्मचाऱ्याला मात्र सापळ्याइतकाच या मेखेच्या आणि साखळीच्या लोखंडाचाही उपयोग होतो.