प्रश्नाला मिळालेलं पदक

भलंमोठं लग्नघर आहे. साड्यांच्या रंगांवरून बायकांमध्ये जोडीजोडीने करार झालेत. ‘मी आंबा रंगाची नेसले तर तू जांभळी नेस, मी मोरपंखी नेसले तर तू डाळिंबी.’ एकीचा रंग ठरला की दुसरीचा आपोआप ठरतो. अशी प्रत्येकजण पाच-दहा जणींशी बांधलेली आहे. सगळे करार पाळले जातील असे रंग वाटायचे आहेत.

सगळेच करार पाळता येण्याजोगे असतील, तर काम सोपं. वरमाईला एक रंग द्यायचा. तिच्यावरून विहिणीचा ठरतो, विहिणीवरून नणंदेचा, असं करत साऱ्या घराचा. कुठे अडलं तर वरमाईला दुसरा रंग देऊन पुन्हा सुरुवात.

आता समजा, शेकडा नव्व्याण्णवच पाळता येतात. कुठले मोडायचे, ते ठाऊक नाही. साखळीत एखादा चुकीचा दुवा आला की पुढचे सगळे रंग चुकत जातात. २००२ साली सुभाष खोत नावाच्या तरुण संशोधकाने एक थक्क करणारी अटकळ मांडली. रंग पुष्कळ असतील, तर अशा घरात नव्व्याण्णव सोडाच, शेकडा एक करार तरी नक्की पाळला जाईल अशी वाटणी शोधून देणारी झटपट रीत कुठल्याच संगणकाला सापडणार नाही! हीच ती ‘युनिक गेम्स’ अटकळ.

खोत मूळचे कोल्हापूर जिल्ह्यातल्या इचलकरंजीचे, यंत्रमागांच्या गावचे. मुंबईच्या आयआयटीतून ते प्रिन्स्टनला गेले होते.

या अटकळीचा पसारा कुठवर जातो ते पाहा. वर्गात कुणाकुणाचं पटत नाही याची यादी आहे. मुलांचे दोन गट असे पाडायचे, की न पटणाऱ्या जास्तीत जास्त जोड्या वेगळ्या व्हाव्यात. १०० मुलांचे दोन गट पाडायचे प्रकार मोजले तर आकडा ३० अंकी येतो. सगळे तपासणार कोण? १९९५ साली मिशेल गोमान्स आणि डेव्हिड विल्यमसन यांची झटपट रीत प्रसिद्ध झाली. सर्वोत्तम उत्तराच्या सुमारे ८७.८ टक्के तरी ती साधतेच. आकडा असा आडनिडा, की कुणीतरी तो ९० वर नेईल असं वाटावं.

२००४ साली खोत आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी दाखवलं, की साड्यांची अटकळ खरी असेल तर त्या आडनिड्या आकड्यापुढे कुठलीच झटपट रीत जाऊ शकत नाही. त्यांच्या युक्तिवादात एक दुवा बाकी होता, आणि तो निघाला मतदानाचा! कुणा एकाचंच वजन फार नसेल आणि काही मतं चुकून उलटी नोंदली गेली, तर निकाल सर्वांत कमी डळमळतो तो साध्या बहुमतात. हे सिद्ध झालं आणि दुवा जुळला. साड्या, वर्गातली भांडणं आणि मतपेटी यांच्याखाली गणिताचा एकच झरा वाहत होता.

संगणकशास्त्रातल्या गणितासाठी आंतरराष्ट्रीय गणित संघटना दर चार वर्षांनी, चाळिशीच्या आतल्या एकाच व्यक्तीला पदक देते. १९९८ साली ते पीटर शोर यांना मिळालं. क्वांटम संगणक प्रचंड संख्यांचे अवयव झपाट्याने पाडू शकेल, हे त्यांनी दाखवलं होतं. २००२ चे मानकरी होते मधु सूदन. ठरावीक साच्यात लिहिलेली सिद्धता चार-दोन जागी चाचपून तपासता येते, हे सिद्ध करण्यात त्यांचा मोठा वाटा. २०१४ साली सोलमध्ये ते खोत यांना मिळालं, नेमका प्रश्न ओळखून मांडल्याबद्दल आणि तो उलगडण्याच्या खटपटीत पुढे राहिल्याबद्दल. त्या सुवर्णपदकाच्या मागे ‘हेलसिंकी’ हा शब्द सांकेतिक रूपात कोरलेला असे.

पदकाला तेव्हा फिनलंडचे गणिती रोल्फ नेवानलिना यांचं नाव होतं. युद्धकाळात त्यांनी नाझींना दिलेल्या साथीमुळे ते काढलं गेलं आणि २०२२ पासून ते ‘अ‍ॅबॅकस पदक’ झालं. आपल्याकडची मुलं मणी सरकवत बेरजा शिकतात, तोच हा अ‍ॅबॅकस.

अटकळ अजून सिद्ध झालेली नाही, खोटीही ठरलेली नाही. २०१८ साली खोत, डोर मिन्झर आणि मुली साफ्रा यांनी तिच्या एका सख्ख्या बहिणीची सिद्धता पुरी केली. जाणकारांच्या मते हा निम्मा रस्ता. उरलेल्या निम्म्यावर वरमाई अजून हातात साडी धरून उभी आहे. तो रस्ता कापायला निघालेलं कुणीतरी आज कदाचित मणी सरकवत असेल.