लाटेचा वेग कोण ठरवते?

तरंगांचा धडा शिकवून झाल्यावर मुलांना एक प्रश्न विचारून पाहा. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला मित्र उभा आहे. त्याला बेताच्या आवाजात हाक मारली आणि मग जोरात ओरडून मारली, तर कोणती हाक लवकर पोचेल? बरीच मुले ‘जोरात मारलेली’ असे सांगतात. वेग = वारंवारता × तरंगलांबी हे सूत्र ज्यांना तोंडपाठ असते, तीसुद्धा!

मुलांचे काही अगदीच चुकत नाही. जोरात फेकलेला चेंडू लवकर पोचतो, हा त्यांचा रोजचा अनुभव आहे. पण तरंग म्हणजे फेकलेली वस्तू नव्हे. हा फरक दोरीवर छान दाखवता येतो.

आठ-दहा मीटर लांबीचा जाड दोर घ्या. एक टोक खिडकीच्या गजाला बांधा, दुसरे हातात धरा. दोराच्या मध्यावर रंगीत चिंधी बांधा. आता हाताला वर-खाली एक झटका द्या. दोरावर उठलेला उंचवटा गजापर्यंत धावत जातो आणि परत येतो. चिंधी मात्र वर-खाली होऊन जागच्या जागी राहते. म्हणजे दोर पुढे गेला नाही. पुढे गेली ती हालचाल, आणि तिच्याबरोबर ऊर्जा.

आता उंचवट्याच्या तीन फेऱ्यांना लागणारा वेळ घड्याळावर मोजा. एकदा लहान झटका द्या, एकदा थोडा मोठा. दोराचा ताण मात्र तोच ठेवा. वेळ जवळजवळ सारखाच येईल! मोठ्या झटक्याने आयाम वाढला, वेग नाही. मग दोर अधिक ताणून धरा आणि पुन्हा मोजा. आता उंचवटा चटकन परततो. ताण चौपट केला तर वेग दुप्पट होतो. दोर जाड, जड असेल तर त्याच ताणाला वेग कमी होतो. थोडक्यात, दोराचा प्रत्येक भाग शेजारच्या भागाला किती लवकर हलवू शकतो, यावर वेग ठरतो. झटका देणाऱ्या हाताचे त्यात काही चालत नाही.

ध्वनीचेही तसेच आहे. तेथे हवेचे थर मागे-पुढे हलतात, संपीडने आणि विरलने पुढे सरकतात. साधारण २० अंश सेल्सिअस तापमानाच्या हवेत हा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर असतो, मग हाक हळू असो की मोठी. याचा पुरावा आपण लग्नाच्या वरातीत नेहमी ऐकतो. दूरवरच्या बँडमधला ढोल दणदणीत, बासरी नाजूक. ढोलाचा स्वर खालचा, बासरीचा वरचा. तरी ताल आणि सूर एकमेकांना सोडत नाहीत. मोठा आवाज किंवा वरचा स्वर आधी पोचला असता, तर लांबून गाणे विस्कटलेलेच ऐकू आले असते.

आता सूत्राचा अर्थ लागतो. वारंवारता स्रोत ठरवतो, वेग माध्यम ठरवते, आणि तरंगलांबी या दोहोंमुळे आपोआप ठरते. १७० हर्ट्‌झच्या स्वराची हवेतली तरंगलांबी २ मीटर, तर १७०० हर्ट्‌झच्या स्वराची २० सेंटिमीटर.

हा नियम केवळ परीक्षेपुरता नाही. २६ डिसेंबर २००४ रोजी सकाळी साडेसहाच्या सुमारास सुमात्राजवळ समुद्रतळाशी मोठा भूकंप झाला. त्सुनामीची तरंगलांबी शंभर किलोमीटरहूनही जास्त असू शकते. तिच्यापुढे ४ किलोमीटर खोल महासागरही उथळच! अशा लाटेचा वेग गुरुत्वत्वरण आणि खोली यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाइतका असतो. खोली ४००० मीटर धरली तर १० × ४००० चे वर्गमूळ २००. म्हणजे सेकंदाला २०० मीटर, ताशी ७२० किलोमीटर. भूकंप कितीही मोठा असो, वेग खोलीच ठरवते.

किनाऱ्याजवळ खोली १० मीटर झाली की हाच वेग सेकंदाला १० मीटरवर येतो. वारंवारता तीच राहते, म्हणून तरंगलांबीही विसाव्या हिश्शावर येते. लांबवर पसरलेली ऊर्जा थोड्या जागेत दाटते आणि लाट उंच होते. भूकंपानंतर सुमारे दोन तासांनी जेसन-१ या उपग्रहाने खुल्या समुद्रात मोजलेली लाट जेमतेम ६० सेंटिमीटर उंच होती. किनाऱ्यांवर तिनेच हाहाकार केला.

त्या दिवशी भूकंपाचे तरंग खडकातून चार-पाच मिनिटांतच चेन्नईला पोचले होते. त्सुनामी पोचली सुमारे अडीच तासांनी. दोन माध्यमे, दोन वेग. मधला सगळा वेळ सावध होण्यासाठी होता. पण तेव्हा हिंदी महासागरात इशारा देणारी यंत्रणाच नव्हती. हैदराबाद येथे असे केंद्र २००७ साली सुरू झाले.

त्याच सकाळी थायलंडमधील फुकेत बेटावर टिली स्मिथ ही दहा वर्षांची इंग्लिश मुलगी आईवडिलांबरोबर किनाऱ्यावर होती. दोनच आठवड्यांपूर्वी भूगोलाच्या तासाला तिला त्सुनामीची लक्षणे शिकवली होती. समुद्र विचित्र फेसाळलेला पाहून तिने आईवडिलांना सावध केले आणि किनारा वेळेत रिकामा झाला. वर्गातला एक तास समजून शिकवला गेला, तर तो कोठे उपयोगी पडेल हे सांगता येत नाही. तेव्हा पुढच्या तासाला दोर घेऊन जायला विसरू नका.