मिस एल. राव, मुंबई

लीला राव यांची टेनिसमधली कारकीर्द मांडायला अर्धे पान पुरते. विम्बल्डनच्या दोन वाऱ्या, तिथे एकेरीत एक विजय आणि दोन पराभव. शिवाय अखिल भारतीय स्पर्धेत १९३१ ते १९४३ या काळात मिळवलेली एकेरीची सात अजिंक्यपदे. या अर्ध्या पानातली एक ओळ मात्र ऐतिहासिक आहे: १९३४ साली विम्बल्डनच्या हिरवळीवर एकेरीचा सामना जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. तेव्हा त्यांचे वय बावीस होते.

त्यांचा जन्म १९ डिसेंबर १९११ चा, मुंबईतला. वडील डॉ. राघवेंद्र राव हे मुंबईतले नामांकित वैद्य आणि सूक्ष्मजीवशास्त्राचे संशोधक. आई म्हणजे संस्कृत कवयित्री पंडिता क्षमा राव. क्षमाबाई स्वतः टेनिस खेळत, आणि नुसत्या हौसेपुरत्या नव्हे, स्पर्धांतून खेळत. मुलीच्या हाती रॅकेट आली ती अशा घरात. बायकांनी परपुरुषांसमोर धावावे की नाही, याचा काथ्याकूट बाहेर चालू असताना या घरात तो निकालात निघालेला होता.

अखिल भारतीय लॉन टेनिस स्पर्धा १९१० पासून भरू लागली ती अलाहाबादला. सुरुवातीच्या काळात स्त्रियांच्या गटात इंग्रज अधिकाऱ्यांच्या बायका-मुली आणि अँग्लो-इंडियन खेळाडू यांचाच वरचष्मा असे. अँग्लो-इंडियन जेनी सँडिसन तर लीला राव यांच्या आधीच विम्बल्डनला जाऊन आल्या होत्या. अशा मैदानात १९३१ साली एकोणीस वर्षांच्या लीला राव यांनी अंतिम सामन्यात लीना मॅकेना यांना हरवून पहिले अजिंक्यपद घेतले. पुढचे विजेतेपद यायला पाच वर्षे लागली, पण १९३६ पासून १९३८ पर्यंत सलग तीन वर्षे ते त्यांच्याकडेच राहिले. नंतर १९४०, १९४१ आणि शेवटचे १९४३. जग युद्धात गुंतलेले असताना मिळवलेल्या त्या शेवटच्या तीन विजेतेपदांबद्दल याहून जास्त सांगण्यासारखे नाही.

विम्बल्डनची गोष्ट वेगळी. १९३४ च्या त्या स्पर्धेत पुरुषांत फ्रेड पेरी जिंकले आणि स्त्रियांत डोरोथी राउंड. दोन्ही एकेरी इंग्लंडकडे आल्याने तिकडच्या वर्तमानपत्रांना दुसरे काही दिसणे शक्यच नव्हते. पहिल्या फेरीत लीला राव यांनी ब्रिटनच्या ग्लॅडिस साउथवेल यांना हरवले. दुसऱ्या फेरीत फ्रान्सच्या इदा अदामॉफ यांनी त्यांना घरी पाठवले. या अदामॉफ यांच्याबद्दल दोन वाक्ये जास्त लिहिणे भाग आहे. जन्माने रशियन असलेल्या या खेळाडूने पुढच्याच वर्षी फ्रेंच स्पर्धेत युगोस्लाव्हियाच्या हेला कोवाच यांच्या जोडीने दुहेरीची अंतिम फेरी गाठली. त्यांचे लग्न क्लोद बूर्दे यांच्याशी झाले. जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये 'काँबा' ही भूमिगत संघटना उभी करणाऱ्यांपैकी हे बूर्दे एक. म्हणजे त्या दिवशी जाळीच्या एका बाजूला पुढे फ्रेंच प्रतिकाराच्या घरात जाणारी मुलगी होती, आणि दुसऱ्या बाजूला जिच्या आईने नुकतेच सत्याग्रहावर काव्य छापले होते अशी मुलगी.

१९३५ ची दुसरी वारी एकाच सामन्यात संपली. पहिल्याच फेरीत गाठ पडली ती एव्हलिन डिअरमन यांच्याशी. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियन स्पर्धेत नॅन्सी लाइल यांच्या साथीने दुहेरी जिंकलेल्या डिअरमन यांच्यापुढे लीला राव हरल्या. ही काही लाजिरवाणी हार नव्हे. मुंबईहून बोटीने युरोप गाठायचे, तिथल्या गवताची उसळी समजेपर्यंत सामना उभा राहायचा, आणि तो हरला की वर्षभराची तयारी एका दुपारीत संपायची. हातात पैसा यायचा नाही, कारण टेनिस तेव्हा हौशी होते. व्यावसायिक खेळाडूंना विम्बल्डनची दारे उघडली ती १९६८ साली, आणि तिथून टेनिसचे 'खुले युग' सुरू झाले. त्याआधी जाण्या-येण्याचा खर्च ज्याचा त्याने करायचा, आणि तो परवडे अशाच घरातली मुलगी तिथे पोहोचायची. लीला राव यांच्या कर्तृत्वाइतकेच त्यांच्या घरच्या सुबत्तेलाही त्या विजयाचे श्रेय आहे, हे आढेवेढे न घेता मान्य करायला हवे.

हौशी काळाचा दुसरा तोटा नोंदींचा. आजच्या काळाशी तुलना करायला बंगळुरूचे एक उदाहरण पुरे आहे. २००६ साली तिथे भरलेल्या 'बंगलोर ओपन'च्या अंतिम सामन्यात क्रोएशियाची येलेना कोस्टानिच इटलीच्या मारा सांतान्जेलो हिच्याकडून पहिला सेट जिंकूनही हरली. या कोस्टानिचला एकेरीचे मोठे विजेतेपद कधीच मिळाले नाही. तरी तिच्या कारकिर्दीची एकही रेघ हरवलेली नाही. १९९८ चे ऑस्ट्रेलियन ओपनचे मुलींचे अजिंक्यपद, २००४ साली गाठलेला जागतिक क्रमवारीतला सर्वोच्च ३२ वा क्रमांक, प्रत्येक स्पर्धेतली प्रत्येक फेरी, प्रत्येक गेम, सगळे संगणकात आहे. स्त्रियांची संगणकीय क्रमवारी १९७५ साली सुरू झाली, आणि तेव्हापासून पराभवाचीही पावती मिळू लागली. आज मारतहळ्ळीतल्या एखाद्या मराठी घरातली चौदा वर्षांखालच्या गटात खेळणारी मुलगी राष्ट्रीय क्रमवारीत कितवी आहे, हे तिच्या आईला फोनवर दिसते. ती आई कब्बन पार्कातल्या कोर्टांकडे जाताना रिंग रोडच्या वाहनांत तासभर अडकलेली असली तरी दिसते. सात वेळा राष्ट्रीय विजेत्या ठरलेल्या लीला राव यांना असा क्रमांक आयुष्यात एकदाही मिळाला नाही.

'पहिली कोण' हा वाद इथूनच सुरू होतो. १९९८ साली निरुपमा वैद्यनाथन हिने ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये इटलीच्या ग्लोरिया पिझ्झिकिनीला हरवले, तेव्हा ग्रँड स्लॅमच्या मुख्य फेरीत जिंकणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून तिचे कौतुक झाले. तिचा तो विजय मोठा होताच. प्रायोजक नसताना, परदेशात एकटीने हिंडत तिने तो कमावला होता. पण 'खुल्या युगातली पहिली' यातले 'खुल्या युगातली' हे दोन शब्द पुढच्या लेखांमधून हळूच गळून गेले, आणि चौसष्ट वर्षे आधीचा विम्बल्डनचा विजय त्यांच्याबरोबर गळाला. यात निरुपमाचा काडीचाही दोष नाही. दोष आहे तो १९६८ च्या आधी टेनिस जणू नव्हतेच, अशा हिशेबाने लिहिणाऱ्यांचा. पुरुषांच्या बाबतीत हे घडत नाही. १९३९ साली विम्बल्डनची उपांत्यपूर्व फेरी गाठणारे घौस महंमद हौशी काळातलेच, पण त्यांचे नाव यादीतून कोणी पुसलेले नाही.

नोंद हरवण्याचे आणखी एक कारण नावात आहे. विम्बल्डनच्या पत्रकावर त्या काळी स्त्रीचे नाव लिहिताना अविवाहितेला 'मिस' आणि विवाहितेला 'मिसेस' लावत. विवाहितेच्या आडनावाआधी अनेकदा नवऱ्याची आद्याक्षरे येत. त्यामुळे लग्न झाले की खेळाडू पत्रकातून नाहीशी व्हायची आणि तिच्या जागी दुसरीच कोणी तरी उगवायची. लीला राव यांचे १९४३ साली हरीश्वर दयाल या सनदी अधिकाऱ्याशी लग्न झाले. शेवटचे राष्ट्रीय विजेतेपदही त्याच वर्षीचे. टेनिसच्या नोंदींत राहिल्या त्या मिस राव. पुढची वीस वर्षे ज्यांनी पुस्तके लिहिली त्या लीला राव दयाल. दोन्ही बाई एकच, हे टेनिसवाल्यांना ठाऊक नसते आणि संस्कृतवाल्यांना त्याचे सोयरसुतक नसते.

खरी श्रीमंती आहे ती या दुसऱ्या नावामागे, आणि त्यासाठी आजोळी जावे लागते. लीला राव यांचे आजोबा म्हणजे शंकर पांडुरंग पंडित. सावंतवाडी संस्थानात १८४० साली जन्मलेला हा माणूस मराठी वाचकाला किमान एका कारणासाठी माहीत असायला हवा. मुंबई सरकारच्या आश्रयाने १८६९ आणि १८७३ साली दोन खंडांत निघालेली तुकारामांची गाथा विष्णु परशुरामशास्त्री पंडित यांनी संपादित केली ती शंकर पांडुरंग यांच्या साह्याने. छापखाना 'इंदुप्रकाश'चा. 'विक्रमोर्वशीय', 'मालविकाग्निमित्र', प्राकृतातले 'गउडवहो' यांच्या त्यांनी सिद्ध केलेल्या आवृत्त्या आणि 'वेदार्थयत्न' हे नियतकालिक हा कामाचा आणखी काही भाग. पुढे ते पोरबंदर संस्थानचे प्रशासक झाले. हिंडत आलेले विवेकानंद तिथे त्यांच्याकडे राहिले होते. सायणभाष्यासह अथर्ववेदाचे संपादन हे त्यांचे अखेरचे मोठे काम. १८९४ साली ते वारले आणि ते खंड मागाहून छापून बाहेर पडले.

वडील गेले तेव्हा क्षमा तीन-चार वर्षांची. वडिलांकडून प्रत्यक्ष शिकण्याचा प्रश्नच नव्हता, तरी संस्कृत तिने सोडले नाही. पुढे क्षमाबाईंनी 'शंकरजीवनाख्यान' या नावाने वडिलांचे चरित्र संस्कृत श्लोकांत लिहिले. ते १९३९ साली छापून आले. एवढ्या लहान मुलीला वडील आठवणार ते किती? म्हणजे हे चरित्र दुसऱ्यांच्या आठवणी आणि वडिलांचे ग्रंथ यांतूनच उभे राहिलेले आहे. संस्कृत चरित्रकाव्यांत राजे, संत आणि आचार्य यांचीच गर्दी. त्यात एका आधुनिक संपादकाचे, आणि तेही मुलीने लिहिलेले चरित्र हा प्रकार जवळपास एकमेव म्हणावा असा.

क्षमाबाईंचे सर्वांत गाजलेले पुस्तक मात्र 'सत्याग्रहगीता'. भगवद्गीतेप्रमाणे अठरा अध्याय, अनुष्टुभ छंद, आणि विषय गांधींची चळवळ. हिंदुस्थानात हे पुस्तक सरकारच्या नजरेतून सुटणे कठीण होते. ते १९३२ साली पॅरिसमध्ये छापले गेले. त्यानंतर दोनच वर्षांनी मुलगी विम्बल्डनला उतरली. आईचे काव्य ब्रिटिश राज्यावर आणि मुलीचा खेळ ब्रिटिशांच्या क्लबात, यात विसंगती शोधणे सोपे आहे, पण त्या घराला ती वाटली असावी असे दिसत नाही. इंग्रजांच्या खेळात इंग्रजाला हरवणे आणि इंग्रजांना न कळणाऱ्या भाषेत त्यांचा निषेध करणे, दोन्ही कामे आरामात शेजारी नांदत होती. खवचटपणे म्हणायचे तर दुसरे काम अधिक सुरक्षित होते. सत्याग्रहाची कथा क्षमाबाईंनी 'उत्तरसत्याग्रहगीता' (१९४८) आणि 'स्वराज्यविजय' या काव्यांत पुढे नेली. यातले शेवटचे त्यांच्या पश्चात, १९६२ साली प्रसिद्ध झाले. मधल्या काळात तुकाराम, रामदास आणि ज्ञानेश्वर यांची चरित्रेही त्यांनी संस्कृतात लिहिली. त्यांपैकी 'तुकारामचरित' १९५० चे. बाप गाथेच्या संपादनात आणि मुलगी तुकोबांच्या चरित्रात, असा ऐंशी वर्षांचा तो धागा आहे.

तो धागा लीला राव यांनी तिसऱ्या पिढीत उचलला. टेनिस सुटल्यावर आधी त्या नृत्याकडे वळल्या. भरतनाट्यमवरचे 'नृत्तमंजरी' हे त्यांचे पुस्तक १९४८ साली निघाले, आणि मणिपुरी नृत्यांवरचे १९५१ साली. दोन्ही इंग्रजीत आहेत. पदन्यासाकडे बघणारी त्यांची नजर खेळाडूची असणार, असे वाटते खरे, पण तो तर्कच. त्यानंतर त्यांनी आईच्या कथांची संस्कृत नाटके केली. क्षमाबाईंनी 'कथापंचक' आणि 'कथामुक्तावली'मध्ये बालविधवा, गांजलेल्या सुना, ढोंगी समाज असे विषय हाताळले होते. एरवी ज्या भाषेत नायिका उद्यानात झुरते, त्या भाषेत ही नवीच वस्ती. लीला राव यांनी या कथा रंगमंचाजोग्या केल्या: 'बालविधवा', 'गिरिजायाः प्रतिज्ञा', 'होलिकोत्सव', 'गणेशचतुर्थी', 'मिथ्याग्रहण'. तुकाराम आणि ज्ञानेश्वर यांच्या चरित्रांनाही त्यांनी नाट्यरूप दिले. ही नाटके बहुतेक छोटी, संवाद सुटसुटीत. समासांचे डोंगर त्यांत नाहीत. संस्कृत पंडितांना ती फारच साधी वाटली असतील, तर तो त्यांचा प्रश्न.

हे सगळे लेखन झाले ते मुंबईपासून लांब. हरीश्वर दयाल स्वातंत्र्यानंतर गंगटोकला सिक्कीमचे राजकीय अधिकारी झाले आणि १९४९ साली कामानिमित्त ल्हासापर्यंत जाऊन आले. पुढे ते नेपाळमध्ये भारताचे राजदूत झाले. हिमालय हा या दांपत्याचा समान छंद. लीला राव यांच्या नाटकांच्या यादीत 'जयन्तु कुमाउनीयाः' असे शीर्षक दिसते, ते त्यांची लेखणी कोकण-मुंबईच्या पलीकडे किती पोहोचली होती याचा पुरावा. क्षमाबाई १९५४ साली वारल्या. हरीश्वर दयाल यांना मे १९६४ मध्ये एव्हरेस्टच्या पायथ्याशी, खुंबू भागात पदभ्रमण करताना मृत्यू आला.